चाळा आणि खूण



ज्यांना बोलता येत नाही किंवा फारच थोडे बोलता येते, अशा माणसांशी शरीराच्या हालचालींतून संवाद कसा साधता येतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मी वैद्य नव्हे, विशेष शिक्षिकाही नव्हे. माझा व्यवसाय भाषांतराचा. या विषयावरील लेखन मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले, आणि पहिल्याच पानावर 'हालचाल' या अगदी साध्या शब्दापाशी मला बराच वेळ थांबावे लागले. तेथूनच सुरुवात करते.

शरीराच्या हालचालींसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. हावभाव आहेत, हातवारे आहेत, खाणाखुणा, इशारे, अंगविक्षेप, चाळे आहेत. परंतु हे शब्द नुसते वर्णन करून थांबत नाहीत, ते निवाडाही देऊन टाकतात. वक्ता करतो ते हावभाव; ज्याच्या बोलण्याला आपण किंमत देत नाही त्याचे ते अंगविक्षेप. बोलणाऱ्या मुलाने ताटाकडे हात नेला तर तो काहीतरी मागतो आहे असे आपण समजतो. न बोलणाऱ्या मुलाने तोच हात दहा वेळा तसाच नेला तर त्याला हाताचा चाळा लागला आहे, असे म्हणून मोकळे होतो. शेजारच्या हिंदीत 'हरकत' म्हणजे हालचाल, आणि आगळीकसुद्धा. तोच अरबी शब्द मराठीत आला तो आक्षेप होऊन. हालचाल, आगळीक आणि आक्षेप हे तीन अर्थ एकाच शब्दाच्या पोटी वावरावेत, याची मला मोठी गंमत वाटते. पण ज्याच्या वाट्याला शब्दच नाहीत त्याच्या दृष्टीने यात गंमत थोडी आणि धोका अधिक आहे.

एकच हालचाल चाळा केव्हा ठरते आणि खूण केव्हा ठरते? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर हालचाल करणाऱ्याच्या हातात पाहून मिळत नाही. ते पुष्कळ अंशी समोरच्या माणसाच्या वागण्यात असते.

असा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी नाट्यशास्त्राची आठवण करून देतोच. आंगिक अभिनय, हस्तमुद्रा, नेत्रांचे भेद ही आपली मोठी संपत्ती आहे, याबद्दल वाद नाही. परंतु मुद्रा ही ठरलेली खूण आहे. ती करणारा आणि पाहणारा दोघेही भाषा जाणणारे असतात, आणि त्या भाषेच्या आधारावरच मुद्रेचा संकेत उभा असतो. आज आपण पाहणार आहोत तो प्रांत त्याच्या अलीकडचा आहे. तेथे अजून काहीही ठरलेले नाही.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की (१८९६–१९३४) यांनी बोट दाखवण्याच्या खुणेचा उगम सांगितला आहे, तो येथे उपयोगी पडतो. तान्हे मूल दूरची वस्तू घेण्यासाठी हात लांब करते. वस्तू हाती लागत नाही. हात हवेतच राहतो, बोटे मिटण्या-उघडण्याची धडपड करीत राहतात. या क्षणी त्या हालचालीत खूण अशी काहीच नाही. तो केवळ एक फसलेला प्रयत्न आहे. इतक्यात आई येते, हाताच्या रोखाने पाहते आणि वस्तू आणून देते. असे पुष्कळदा घडल्यावर मुलाचा हात वस्तूऐवजी आईला उद्देशून उचलला जाऊ लागतो. स्वतःच्या खुणेचा अर्थ मुलाला सर्वांत शेवटी कळतो. आईला तो आधीच कळलेला असतो. म्हणजे खूण दोघांमध्ये जन्मते, आणि त्या दोघांपैकी पहिली चाल प्रतिसाद देणाऱ्याची असते.

पण ज्या मुलाला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याचे काय? दूरच्या वस्तूकडे हात लांब करण्याचा प्रसंगच त्याच्यावर येत नाही, कारण दूर काही आहे हेच त्याला ठाऊक नसते. अशा मुलांना आपण बधिरांध म्हणतो. त्यांच्या बाबतीत बहुतेकांना एकच नाव आठवते, ते हेलन केलर यांचे. १८८७ साली पाण्याच्या पंपाखाली ॲन सलिव्हन यांनी त्यांच्या तळहातावर अक्षरे रेखाटली, हा प्रसंग आपल्या पाठ्यपुस्तकांनी घरोघरी पोहोचवला. मात्र १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात केलरबाईंनी त्यापूर्वीच्या दिवसांबद्दल जे लिहिले आहे, ते फारसे कोणी सांगत नाही. बाई येण्यापूर्वीच त्या घरात खुणा करीत होत्या. ओढणे म्हणजे 'ये', ढकलणे म्हणजे 'जा'. पाव हवा असला की सुरीने काप करून त्यांवर लोणी लावण्याची हालचाल. आइस्क्रीम हवे असले की यंत्र फिरवल्यासारखे करून अंग शहारल्यासारखे करायचे. पंपाखाली शब्द भेटला खरा, पण तो ओसाड जमिनीवर पडला नव्हता. शिवाय त्यांची दृष्टी आणि श्रवण गेले ते एकोणिसाव्या महिन्यात. तोवरचे ऐकणे-पाहणे गाठीला होते. जन्मतःच दोन्ही नसलेल्या मुलाची वाट यापेक्षा बरीच लांबची असते.

ती वाट चालून पाहण्याचे एक मोठे काम सोव्हिएत संघात झाले. इव्हान सोकोल्यान्स्की यांनी १९२३ साली खारकोव्ह येथे बधिरांध मुलांसाठी केंद्र सुरू केले. पुढे ते युद्धात मोडले, तरी त्यांच्या विद्यार्थिनी ओल्गा स्कोरोखोदोवा यांनी आपल्याला जग कसे जाणवते यावर पुस्तक लिहिले आणि नंतर त्या स्वतः संशोधक झाल्या. सोकोल्यान्स्की यांचे शिष्य अलेक्सांद्र मेश्चेर्याकोव्ह यांच्या प्रयत्नांनी १९६३ साली मॉस्कोजवळच्या झागोर्स्क गावी, म्हणजे आजच्या सेर्गियेव्ह पोसाद येथे, अशा मुलांची निवासी शाळा निघाली. मेश्चेर्याकोव्ह १९७४ साली वारले. त्यांचे पुस्तक १९७९ साली मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाने इंग्रजीत काढले. याच प्रकाशनाची स्वस्त आणि जाडजूड पुस्तके एके काळी आपल्याकडच्या पुष्कळ घरांत असत.

या पुस्तकात चमच्याने जेवायला शिकवण्याचे जे वर्णन आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शिक्षक मुलाच्या मागे राहून त्याचा हात आपल्या हातात घेतो. मुलाच्या हातात चमचा. दोघांचे हात मिळून चमचा ताटलीत जातो, भरतो, तोंडापर्यंत येतो. सुरुवातीला सारे बळ शिक्षकाचे असते. मुलाचा हात नुसता लोंबत असतो. कित्येक दिवसांनी एखाद्या वेळी, चमचा तोंडाजवळ आला असता, मुलाचा हात किंचित स्वतःहून सरकतो. मेश्चेर्याकोव्ह म्हणतात की शिक्षकाचे सारे कौशल्य या किंचितपणात आहे. ती हालचाल जाणवताच त्याने आपले बळ तेवढेच कमी करायचे. ते कमी केले नाही, पूर्वीच्याच जोराने हात नेत राहिले, तर मुलाचा हात पुन्हा लोंबू लागतो. उलट उत्साहाच्या भरात हात एकदम सोडून दिला तर ती कृती विस्कटते. एकच कृती दोघांनी करायची आणि ती दोघांत वाटून घ्यायची, पण वाटे मात्र रोज बदलायचे. त्यांच्या रशियन संज्ञेत 'एकत्र' आणि 'विभागलेली' असे दोन्ही शब्द आहेत. मराठीत एका शब्दात हे बसत नाही. 'सहक्रिया' म्हटले तर वाटणी सुटते, आणि 'श्रमविभाग' म्हटले तर गिरणी डोळ्यांसमोर येते. शेवटी मी 'वाटून केलेली कृती' असा सैल शब्दप्रयोग पत्करला.

हे चमच्याचे प्रकरण संवादाच्या विषयात कशासाठी, असे कोणी विचारील. कारण पुढे असे होते की भूक लागली असता समोर ताटली नसताना, चमचा नसताना, ते मूल हात तोंडाकडे नेण्याची तीच हालचाल करते. पोट भरण्याच्या दृष्टीने ही हालचाल निरुपयोगी आहे. परंतु समोरच्या माणसाला ती कळते. कृतीतून वस्तू गळून पडली आणि मागे तिची रेघ राहिली. तीच पहिली खूण. झागोर्स्कला बोटांच्या वर्णमालेचे शिक्षण अशा खुणांच्या पायावर उभे राहत असे. ज्या मुलाला घरच्यांनी मायेपोटी सदैव भरवले, कपडे घातले, उचलून नेले, त्याच्यापाशी अशा रेघा उरतच नाहीत, हे मेश्चेर्याकोव्ह यांनी पुन्हा पुन्हा नोंदवले आहे.

झागोर्स्कचे चार विद्यार्थी १९७१ साली मॉस्को विद्यापीठात दाखल झाले आणि १९७७ साली मानसशास्त्राचे पदवीधर झाले. त्यांपैकी अलेक्सांद्र सुवोरोव यांनी पुढे या शास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. ते २०२४ साली निवर्तले. या यशाचा त्या काळी फार गाजावाजा झाला. त्यात थोडी अतिशयोक्तीही होती, कारण हे विद्यार्थी अगदी शून्यातून वर आले असे भासवले गेले. सुवोरोव यांची दृष्टी तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गेली आणि श्रवण नवव्या वर्षाच्या सुमारास; भाषा त्यांना आधीच भेटली होती. गाजावाजा बाजूला ठेवला तरी चमचा मात्र आपल्या जागी राहतो.

सोव्हिएत संघात हे चालू असताना हॉलंडमध्ये यान फान डायक (१९३७–२०१८) सिंट मिखिल्सखेस्तेल येथील बधिरांच्या संस्थेत वेगळ्या दिशेने त्याच ठिकाणी येत होते. त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांत रुबेलाग्रस्त मुले पुष्कळ असत. गरोदरपणात आईला हा सौम्य दिसणारा आजार झाला तर मूल मोतीबिंदू घेऊन जन्मू शकते, हे सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिले. बहिरेपण आणि हृदयदोष यांचाही संबंध लवकरच उघड झाला. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे वीस हजार बालके या आजाराच्या खुणा घेऊन जन्मली. लस आली ती १९६९ साली. अशी मुले तासन्‌तास डुलत बसत, डोळ्यांसमोर बोटे फिरवीत, प्रकाशाकडे टक लावीत. चाळा या शब्दाला याहून नेमके उदाहरण सापडणार नाही. त्या काळची सर्वसाधारण रीत हे चाळे बंद करण्याची होती.

फान डायक यांनी त्या डुलण्यात शिरायचे ठरवले. मुलाला आपल्यापुढे बसवायचे, त्याची पाठ आपल्या छातीला टेकवायची, आणि ते डुलेल तसे त्याच्याबरोबर डुलायचे. त्याच्याच लयीत, त्याच्याच वेगाने. काही वेळाने थांबायचे. थांबणे हा या पद्धतीचा प्राण आहे. लय तुटते, मूल गोंधळते, आणि बहुधा क्षणभराने पाठीने मागे एक लहानसा रेटा देते. रेटा जाणवताच पुन्हा डुलायला लागायचे. पुन्हा थांबायचे. पुन्हा रेटा. आपल्या अंगाच्या एका हालचालीने दुसरे अंग हलते, हा शोध त्या मुलाला येथे लागतो. हे बोलणे नव्हे, खूणही अजून नव्हे, तरी 'आणखी' या शब्दाला लागणारी सारी सामग्री त्या रेट्यात आहे. आपल्याकडे आजी नातवाला पायांवर घेऊन झोके देते आणि मध्येच पाय थांबवून त्याच्या तोंडाकडे पाहते, तेव्हा ती हेच करीत असते. फरक इतकाच की धडधाकट नातू तिला दुसऱ्या क्षणी उत्तर देतो आणि येथे ते उत्तर यायला महिने लागू शकतात.

यापुढच्या पायऱ्या मी भराभर सांगते. अंगाला अंग लावून केलेल्या हालचाली हळूहळू शेजारी बसून, मग समोरासमोर होतात. अंतर वाढत जाते. दिवसाचा क्रम वस्तूंनी सांगितला जातो: पंचाचा तुकडा हाती दिला म्हणजे अंघोळ, चमचा दिला म्हणजे जेवण. मूल स्वतः एखादी खूण तयार करते, आणि शिक्षकाने ती उचलायची असते, सुधारायची नसते.

इंग्लंडात हार्टफर्डशायरमधील हार्परबरी रुग्णालयात १९८० च्या दशकात डेव्ह ह्यूएट आणि मेलनी निंड यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांबरोबर याच वळणाचे काम केले. तेथेही आरंभ त्या व्यक्तीच्याच श्वासाला, आवाजाला, बोटांच्या टकटकीला तशीच दाद देण्यापासून होई. आई आणि तान्हे मूल यांच्यातील खेळ हा त्यांचा आदर्श होता. वयाने चाळिशी गाठलेल्या माणसाशी तान्ह्या मुलासारखे वागणे हा त्याचा अपमान आहे, अशी टीका त्यांच्यावर झाली. मला ती टीका वजनदार वाटत नाही. चाळीस वर्षे कोणीच दाद न देणे हा त्याहून मोठा अपमान होता.

आता दुसरी बाजू, आणि भाषांतरकार म्हणून मला ती अधिक अस्वस्थ करते. न बोलणाऱ्याच्या हालचालीला अर्थ आहे, असे एकदा मानले की त्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा मोह सुटतो.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे एक पद्धत निघाली आणि १९९० च्या सुमारास ती अमेरिकेत वणव्यासारखी पसरली. न बोलणाऱ्या व्यक्तीचा हात, मनगट किंवा कोपर सहायकाने धरायचे आणि त्या आधाराने तिने अक्षरांच्या फळीवर बोट ठेवीत मजकूर लिहायचा. ज्यांनी आयुष्यात शब्द उच्चारला नव्हता त्यांच्या बोटांतून सुंदर वाक्ये उतरू लागली. आईबापांचा आनंद गगनात मावेना. मग काही लोकांनी एक साधी परीक्षा घेतली. लिहिणाऱ्याला एक चित्र दाखवायचे आणि सहायकाला दुसरे. न्यूयॉर्क राज्यातील एका संस्थेत बारा जणांवर अशी परीक्षा झाली. तिचा अहवाल १९९३ साली प्रसिद्ध झाला. दोघांना वेगवेगळी चित्रे दाखवली असता लिहिणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचे नाव एकदाही आले नाही. आले ते सहायकाने पाहिलेल्या चित्राचे. १९९४ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही असा ठराव केला. सहायक लबाड नव्हते. आपण काही करीत आहोत याची त्यांना जाणीवही नव्हती. स्नायू इच्छेमागून नकळत जातात, आणि त्यांची इच्छा इतकी तीव्र होती की समोरच्याचा हात त्यांच्या हाताखाली गप्प झाला.

हात तर मेश्चेर्याकोव्हही धरीत होते. मग भेद कोठे? त्यांच्या पद्धतीत धरणाऱ्याचे बळ रोज घटत जायचे असते, आणि ते घटले की नाही हे कोणालाही बाहेरून पाहता येते. त्या दुसऱ्या पद्धतीत आधार वर्षानुवर्षे तसाच राही. म्हणूनच आज बधिरांधांचे शिक्षक मुलाचा हात वरून धरण्याऐवजी आपला हात त्याच्या हाताखाली ठेवतात. मुलाचा हात वर, मोकळा. हवा तेव्हा त्याला तो काढून घेता येतो. त्याचे हात हेच त्याचे डोळे, कान आणि जीभ आहेत. ते वरून पकडणे म्हणजे आपण बोलत असताना कोणी आपला जबडा धरण्यासारखे आहे.

स्वतःच्या हालचालीचे उदाहरण हवे असेल तर ते मुंबईतच आहे. मालिनी छिब यांना जन्मापासून मेंदूचा पक्षाघात आहे. बोलणे फार कष्टाने होते. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली. मालिनीबाईंनी आपले आत्मचरित्र एका बोटाने टंकलिखित केले, आणि ते २०१० साली 'वन लिटल फिंगर' या नावाने प्रसिद्ध झाले. त्या बोटावर दुसऱ्या कोणाचा हात नव्हता.

उलट टोकाला जाऊन प्रत्येक हालचालीत निरोप शोधणेही बरोबर नाही. डुलणारा माणूस कधी केवळ डुलत असतो. त्याला त्यातून स्वस्थता मिळते आणि त्यात आपला काही संबंध नसतो. डोके आपटणारे मूल कान दुखतो म्हणून डोके आपटत असेल, तर त्याच्या लयीत लय मिसळण्यापूर्वी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेले पाहिजे. मूळ संहितेतील एखादी ओळ कळली नाही तर चांगला भाषांतरकार ती सजवीत नाही. तो तिच्यापाशी पुन्हा येतो.

आपल्या देशात बधिरांध मुलांसाठीची पहिली शाळा, हेलन केलर इन्स्टिट्यूट, १९७७ साली मुंबईत सुरू झाली. तिच्यामागे बेरोज वाच्छा यांची चिकाटी होती. गोवर-रुबेला लसीकरणाची देशव्यापी मोहीम २०१७ च्या फेब्रुवारीत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यात बधिरांधत्वाचा उल्लेख आहे, आणि 'संप्रेषण' या संज्ञेच्या व्याख्येत स्पर्श आणि खुणा यांनाही स्थान आहे. कायद्याने खूण मान्य केली, हे चांगलेच झाले. पण ती खूण ओळखायला वेळ लागतो, आणि वेळ कायद्याने मिळत नाही. एका बाईंकडे पंधरा मुले असतील तर थांबून रेट्याची वाट पाहणे तिला कसे परवडावे? घरीही तेच. सकाळी डबे, पाणी, गाडीची वेळ. अशा घाईत मुलाला भरवून टाकणे सोपे आणि अर्धा तास चमच्याची वाट पाहणे अवघड. येथे मायेचा दोष नाही, घड्याळाचा आहे. एवढे करता येईल की दिवसातील एकच गोष्ट निवडावी, एखादे फळ किंवा अंगाला तेल लावणे, आणि तेवढ्यापुरते थांबत जावे.

शेवटी एक लहानशी व्यवहाराची सूचना. अशा मुलांच्या खुणा फार थोड्यांना ठाऊक असतात. आई आजारी पडली, शिक्षिकेची बदली झाली, मूल वसतिगृहात गेले की त्या खुणा एका दिवसात पुन्हा चाळे होतात. म्हणून काही ठिकाणी प्रत्येक मुलाची वही ठेवतात. तीत तीन रकाने असतात: मूल काय करते, त्याचा अर्थ आम्हाला काय वाटतो, आणि तसे केल्यावर आम्ही काय करतो. उदाहरणार्थ, पहिल्या रकान्यात 'उजव्या हाताची मूठ गालावर घासते', दुसऱ्यात 'झोप आली असावी', तिसऱ्यात 'चादर हाती देतो. घेतली नाही तर पाणी देऊन पाहतो'. पहिला आणि तिसरा रकाना शाईने लिहावा. मधला पेन्सिलीने लिहावा, आणि खोडरबर वहीलाच बांधून ठेवावे. मूल जेथे जाईल तेथे ही वही त्याच्याबरोबर गेली पाहिजे.